गिरणीपुढचा रस्ता

आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला म्हणून मी नगरसेविका झाले. उभं राहायची हौस खरी माझ्या नवऱ्याला. लोकांच्या लग्नांना, दहाव्यांना, गणपतीच्या आरत्यांना त्याने इमानेइतबारे हजेऱ्या लावून ठेवल्या होत्या. आरक्षणाची सोडत निघाली आणि त्या सगळ्या हजेऱ्या एका दिवसात माझ्या नावावर जमा झाल्या. निवडून मी आले आणि ‘साहेब’ तो झाला. सुरुवातीला लोक दारात येऊन मलाच विचारायचे, “साहेब हायेत का?” मी म्हणायचे, “साहेब दुकानात आहेत. पातेलं घ्यायचं असेल तर तिकडे जा, नळाचं काम असेल तर इथं बसा.” आमचं भांड्यांचं दुकान आहे. हळूहळू लोक बसायला लागले.

त्याआधी बरीच वर्षं मी एका पतसंस्थेत कॅशिअर होते, त्यामुळे आकड्यांची भीती नव्हती. पण नगरपालिकेचा हिशोब निराळाच निघाला. पतसंस्थेत पैसे एक तर असतात, नाहीतर नसतात. नगरपालिकेत ते असतात आणि तरीही नसतात. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, असं जे आपल्या गावातून गोळा होतं ते पगार, पाण्याच्या पंपांचं वीजबिल आणि कचऱ्याच्या गाड्यांचं डिझेल यात संपतं. बाकी जे मोठं येतं ते वरून येतं, आणि येताना कपाळावर चिठ्ठी लावून येतं. रस्त्याचे पैसे रस्त्यालाच, दिव्यांचे दिव्यांनाच. स्वयंपाकघरात डाळ संपली तर बाई तांदळावर भागवते. तसं इथं भागवलं तर ऑडिटवाले येऊन बसतात. शिवाय मार्चअखेर आहेच. तोवर खर्च झाला नाही तर पैसा आल्या वाटेनं परत. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये गावात जिकडेतिकडे खडी पडते, आणि लोक म्हणतात, “यांना आत्ता बरं सुचलं.”

हे मी लोकांना सांगून पाहिलं. कुणाला ऐकण्यात रस नव्हता. “पट्टी भरतो ना आम्ही?” हा प्रश्न विचारणाऱ्यांत पट्टी थकलेलेच जास्त असायचे.

माझ्या वॉर्डात एक गल्ली आहे. बाजारपेठेच्या चौकातून सुरू होते आणि उताराने ओढ्यापर्यंत जाते. प्रचाराच्या वेळी त्या गल्लीत मी एकच शब्द दिला होता, रस्ता. जुनं काँक्रीट फुटून त्यात असे खड्डे झाले होते की दुधाची किटली लावलेली मोटरसायकल तिथून गेली की खालपर्यंत दुधाचा माग राहायचा. मी निवडून आल्यावर त्या रस्त्यामागे लागले. अर्ज दिले, स्मरणपत्रं दिली, नगरच्या फेऱ्या मारल्या. जिल्ह्याचं नाव आता बदललं, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय. शेवटी ऐन थंडीत रस्ता मंजूर झाला. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी नवऱ्याला साहेब म्हणाले.

मग भूमिपूजन. सकाळी मी नवी साडी नेसून गेले तर नगरपालिकेचा इंजिनिअर गल्लीच्या मध्यावर दोन घमेली माती ओतून घेत होता. मातीच्या त्या ढिगाला झेंडूची माळ घातली, वर हळदकुंकू वाहिलं. मी विचारलं, “ही माती कशाला?”

“कुदळ मारायला, ताई.”

“गल्लीत माती नाही का?”

“खाली काँक्रीट आहे. कुदळ मारली तर उडते. फोटोत बरं दिसत नाही.”

मी त्या आणलेल्या मातीत कुदळ मारली. फोटो निघाला. नारळ फुटला, पेढे वाटले. सगळीकडे असंच करतात हे मला नंतर कळलं. रस्त्याच्या कामात जेवढी म्हणून खोदाई होते ती त्या दोन घमेल्यांतच होते.

मध्यावर म्हणजे नेमकं पिठाच्या गिरणीच्या समोर. गिरणी चालवणाऱ्या काकू पाथर्डीकडच्या, लग्न होऊन इथं आलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली; मुलगा सुप्याला कंपनीत, शिफ्टमुळे तिथंच राहतो. सासऱ्यांनी घातलेली गिरणी काकू एकट्या ओढतात. पेढा घेऊन त्या दारातच उभ्या होत्या, भुवयांवर पीठ. त्यांनी इंजिनिअरला विचारलं, “सायेब, खालचं कवा फोडनार?”

“फोडायचं नाही मावशी. त्याच्यावरच नवीन टाकायचं. उलट मजबूत होतं.”

“मंजी रस्ता वर येनार?”

“वीतभर येईल.”

काकूंनी पेढा खाल्ला नाही. मुठीत धरून त्या आत गेल्या. मी पाहिलं, पण तेव्हा मला वाटलं साखर वाढलेली असेल.

संध्याकाळी त्या घरी आल्या. चहा नको म्हणाल्या, आणि खुर्ची सोडून खाली भिंतीला टेकून बसल्या.

“ताई, वाईट वाटून घिऊ नका. रस्ता पायजेलच हुता. पन वीतभर वर आला तर माजी गिरनी गेली.”

मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन उभी राहिले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सासऱ्यांनी गिरणी घातली तेव्हा तिच्यापुढे ओटा होता. दळण आणलेल्या बाया त्या ओट्यावर डबे घेऊन बसायच्या. मग डांबर आलं. डांबरावर डांबर आलं. मग काँक्रीट. दरवेळी खालचं तसंच ठेवून वरून. ओटा आधी पायरी झाला, मग उंबरठा झाला, मग नाहीसा झाला. आता गिरणीत शिरायचं तर खाली उतरावं लागतं. दारात त्यांनी विटांचा बांध घातला होता आणि पावसाळ्यात त्याला वाळूची पोती लावायच्या. गिरणीची मोटर जमिनीलगत बसवलेली. गल्लीला उतार ओढ्याकडे. पावसाचं पाणी आत्ताच विटांना चाटून जायचं. रस्ता आणखी वीतभर चढला की ते सरळ आत येणार आणि मोटर बुडवणार. त्या एका मोटरीवर काकूंचं पोट होतं.

मी इतकी वर्षं त्याच गिरणीत डबा पाठवत होते आणि हे मला दिसलं नव्हतं. कारण बाकीच्या घरांचं असं झालेलं नाही. ज्यांच्याकडे पैसे आले त्यांनी जुनं पाडून नवं बांधलं, आणि बांधताना जोतं उंच घेतलं. आमच्याकडे घर बांधताना पुढचे रस्ते हिशोबात धरतात. गिरणीच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात; त्यांनी तर जोतं इतकं वर घेतलं की शिडीसारख्या पायऱ्या चढून घरात जावं लागायचं. कुणी हसलं तर ते म्हणायचे, “येणारे दोन रस्ते धरून बांधलंय.” ज्याला पुन्हा बांधता आलं तो वर गेला. काकूंना बांधता आलं नाही, म्हणून त्या होत्या तिथंच राहिल्या आणि गाव त्यांच्या डोक्यावर चढलं.

माझं डोकं फिरलं. मी तशीच इंजिनिअरकडे गेले. “जुने सगळे थर फोडून काढा, मग नवीन टाका.”

तो चांगला माणूस आहे. त्याने मला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, “ताई, फोडणं एस्टिमेटमध्ये नाही.”

“का नाही?”

“फोडायचं म्हटलं की राडारोडा उचलायचा, टाकायला जागा बघायची, खर्च वाढतो. तेवढ्या पैशांत मग अर्धीच गल्ली होते. अर्धी गल्ली केली की उरलेली अर्धी तुमच्या दारात येते.”

“मग नवीन एस्टिमेट करा.”

“करतो. पण ते नगरला जाणार, तिथून तपासून येणार. तोवर एप्रिल.”

एप्रिल म्हणजे निधी परत. मी मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. ते तरुण, नुकतेच बदलून आलेले, प्रत्येक वाक्याला मॅडम लावणारे. त्यांनीही तेच सांगितलं, फक्त जास्त गोड. गिरणीची जमीन उचलायला नगरपालिकेकडून काही मिळेल का, असं विचारलं तर म्हणाले, “मॅडम, खासगी जागेत आपण एक विटकरसुद्धा ठेवू शकत नाही.” मी म्हटलं, “पण खासगी जागेत पाणी सोडू शकतो.” त्यावर ते हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

सर्वसाधारण सभेत मी विषय काढला. तिथे मात्र सगळे हसले. मागून एक जण म्हणाला, “निधी आणणारे पुष्कळ पाहिले, ताई. परत पाठवणारी पहिलीच.” दुसरा म्हणाला, “तुम्हाला नको तर आमच्या वॉर्डात वळवा.” तो विनोद नव्हता. रस्त्याचा निधी रस्त्यालाच, पण कुठल्या रस्त्याला हे बदलता येतं. त्याला मात्र वेळ पुरतो. शेवटी मुख्याधिकारी म्हणाले की फोडून काम करायला सगळी गल्ली लेखी तयार असेल तर ते स्वतः नगरला जाऊन बसतील आणि सुधारित मंजुरी आणायचा प्रयत्न करतील. पण गल्ली एकमुखी हवी. मी म्हटलं, होईल.

गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ आहे. तिथल्या फरशीवर मी गल्लीला बोलावलं. मला वाटलं होतं दहा मिनिटांत आटपेल. काकूंचं नुकसान कुणाला हवं होतं? मी सगळं समजावून सांगितलं. सगळे ऐकत होते. मग गुरुजींनी घसा साफ केला.

“म्हणजे रस्ता जुन्या पातळीला जाणार?”

“हो.”

“मग आमची दारं?”

याचा मी विचारच केला नव्हता. काही जणांच्या घरात आधीच पायऱ्या चढून जावं लागत होतं. रस्ता हातभर खाली गेला असता तर त्यांची दारं अधांतरी लटकली असती. नव्या पायऱ्या कराव्या लागणार, आणि पायऱ्या रस्त्यावर आल्या की अतिक्रमणाची नोटीस नगरपालिकाच देणार. गाड्या आत कशा घ्यायच्या? म्हाताऱ्यांनी चढायचं कसं? एकेक जण बोलायला लागला. कुणीही काकूंविरुद्ध बोललं नाही. पण प्रत्येकाचं बोलणं फिरून एकाच ठिकाणी येत होतं: एका गिरणीसाठी सबंध गल्लीनं खाली उतरायचं का?

काकू खांबाला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्या फरशीकडे पाहत होत्या.

मला राग आवरत नाही हा माझा जुना आजार. मी म्हणाले, “गुरुजी, शाळेत शेवटच्या बाकावरचं पोर मागे राहिलं तर तुम्ही त्याला तसंच सोडून पुढे जायचात का?”

गुरुजी शांतपणे म्हणाले, “जायचो. अभ्यासक्रम मार्चमध्ये संपवावा लागायचा.”

बैठक तशीच मोडली. पण मी हटले नाही. मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं, काम सुरू करू नका, मी एकेका घरात जाऊन समजावते. आणि गेले. रोज संध्याकाळी दोन-तीन घरं. काही सह्या मिळाल्याही. नवरा म्हणाला, “तू गल्ली जिंकशील आणि वॉर्ड घालवशील.” मी म्हटलं, “वॉर्ड राखीव आहे, तुला तसाही मिळणार नाही.”

या काळात मला एक गोष्ट दिसली नाही. ती मला काकूंनीच दाखवली. एका दुपारी त्यांनी निरोप पाठवला, जरा येऊन जा. मी गेले. गिरणी बंद होती. वीज गेली असेल म्हणून मी वर दिव्याकडे पाहिलं, दिवा चालू होता.

“दळनच न्हाई,” काकू म्हणाल्या.

एरवी त्या वेळी तिथे डब्यांची रांग असते, डब्यांवर चिठ्ठ्या, गहू, बाजरी, भाजणी. त्या दिवशी दोन डबे होते, त्यांतला एक माझा. गल्लीतल्या बाया चौकातल्या नव्या गिरणीवर जायला लागल्या होत्या. कुणी ठरवून नाही. भांडण नाही, अबोला नाही. समोरून जाताना काकूंशी बोलायच्या, तब्येत विचारायच्या, आणि डोक्यावर डबा घेऊन पुढे जायच्या. कुणी म्हणे तिकडे बारीक दळतात, कुणी म्हणे ह्यांच्या वाटेवर पडतं. काकूंमुळे रस्ता अडलाय, हे एवढंच गल्लीच्या मनात बसलं होतं. आणि ते बसवलं मी. काकूंनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. देवळात, घरोघरी, सभेत, सगळीकडे गिरणी-गिरणी मीच करत होते.

“ताई, आता हे ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या.

“काकू, पाणी आत येईल.”

“यिऊ द्या. पानी आलं तर मोटर उनात ठिऊन सुकवता यील. दळन गेलं तर म्या काय सुकवू?”

मी तिथल्या पोत्यावर बसून रडले. काकूंसाठी रडले असं म्हणायला बरं वाटलं असतं, पण खरं म्हणजे हरल्याचा राग होता. काकूंनी मला तांब्याभर पाणी दिलं आणि माझं बाजरीचं दळण चालू केलं. आवाजात बोलायची सोय राहिली नाही, ते बरं झालं.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याधिकाऱ्यांना सांगितलं, मूळ एस्टिमेटप्रमाणे करा. त्यांनी मान हलवली आणि ठेकेदाराला फोन लावला.

काम मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलं. आदल्या दिवशी ठेकेदाराचा माणूस गल्ली मोजून गेला. त्याच्याशी बोलताना सहज कळलं की काँक्रीटची शेवटची गाडी कधीच पुरती रिकामी होत नाही. थोडा माल उरतोच. मी विचारलं, उरतो त्याचं काय करता? तो म्हणाला, “ओढ्यात ओततो. गाडीत ठेवला तर दगड होतो.”

मी पतसंस्थेत पै-पैचा ताळा लावलेली बाई. तो माल ठेकेदाराचा की जनतेचा यावर दोन वकील दोन वर्षं भांडले असते. ओढ्यात जाणार होता एवढं मात्र नक्की होतं. मी म्हटलं, “ओढ्यात नको. गिरणीत ओता.” खासगी जागेत विटकर ठेवता येत नाही हे वाक्य मला तेव्हा आठवलं होतं. आठवलं आणि मी ते गिळलं.

पण जमिनीवर काँक्रीट ओतायचं तर आधी गिरणी उचलायला हवी. मोटर, दगडांचं ते अख्खं लोखंडी यंत्र, सगळंच. मी काकूंना सांगायला गेले आणि परत येताना काय करावं या विचारात होते, तर शेजारून सगळं ऐकलेले गुरुजी त्यांच्या उंच पायरीवरून म्हणाले, “किती माणसं लागतील?”

मी म्हटलं, “तुम्ही येणार?”

“मी उचलणार नाही. मी सांगणार.”

संध्याकाळी गल्लीतले बाप्ये गोळा झाले. ज्यांच्या घरचे डबे चौकात जात होते तेच. कुणी बांबू आणले, कुणी दुकानातून साखळी. बायांनी चहा केला. तासाभरात गिरणी सुटी होऊन गुरुजींच्या पायऱ्यांखाली जाऊन बसली, वर ताडपत्री. हे लोक वाईट नव्हते हे मी त्या दिवशी कबूल केलं, पण माझा राग त्यामुळे गेला नाही. हात लावायला सगळे तयार होते, पायरी उतरायला कुणी तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रस्ता झाला. शेवटच्या गाडीतलं उरलेलं गिरणीत गेलं. ठेकेदाराच्या माणसाने जरा सढळ हातानेच उरवलं असावं, कारण गिरणीची जमीन रस्त्याच्याही चांगली वर आली. आठवडाभर पोती टाकून पाणी मारलं, मग पुन्हा बांबू, पुन्हा साखळी, आणि यंत्र नव्या जमिनीवर बसलं. काकूंनी नारळ फोडला. गुरुजींच्या घरचा गव्हाचा डबा पहिला लागला. मला वाटलं, झालं. जग आपण समजतो तितकं वाईट नाही.

काकू धान्य ओतायला गेल्या आणि त्यांचं डोकं वाशाला लागलं.

काकू अंगाने उंच. आमच्या गल्लीत त्यांच्याएवढी उंच बाई नाही. पत्र्याचं छप्पर होतं तिथंच राहिलं होतं आणि जमीन वर आली होती. आम्ही सगळे, मी, गुरुजी, इंजिनिअर, इतके दिवस खाली बघत होतो. पाणी किती चढेल, जोतं किती, पायरी किती. आमच्या गावाला पायाकडे बघायची इतकी सवय लागलीय की डोक्याकडे कुणी बघितलंच नाही.

सगळ्यांना वाटलं छप्पर काय, पत्रेच तर आहेत, उचलू. मीही तसंच म्हणाले. मग कळलं की वासे दोन्हीकडच्या सामाईक भिंतींत रुतलेले आहेत. ते उचलायचे तर बांधकाम परवानगी हवी. आणि तोवर माझ्या नावाने इतका गाजावाजा झाला होता की गिरणीवर परवानगीशिवाय एक पत्रा हलला असता तर तक्रार व्हायला वेळ लागला नसता. परवानगीला घराचा उतारा लागतो. उताऱ्यावर अजून सासऱ्यांचं नाव. वारस पुष्कळ, निम्मे पुण्यात, आणि कुणीच सही करायला तयार नाही, कारण सही म्हणजे हिस्सा सोडल्यासारखं. मी ज्या नगरपालिकेत बसत होते तिच्याकडूनच मला एवढी परवानगी मिळवता आली नाही. बांधकाम विभागातल्या टेबलावर मी बरेच तास घालवले. शेवटी तिथला लिपिक म्हणाला, “ताई, नियमात बसत नाही हो.” मी म्हटलं, “काकूही बसत नाहीत.” तोही हसला नाही.

त्यानंतर मी सभेत एक ठराव मांडला: यापुढे गावातला कुठलाही रस्ता करताना जुना थर आधी काढावा. ठराव एकमताने मंजूर झाला. बाकं वाजली. एकमताने मंजूर होणाऱ्या ठरावाची कुणालाच गरज नसते हे मी तोवर शिकले होते. पुढच्याच वर्षी पलीकडच्या गल्लीत नवा थर जुन्यावर पडला. त्याच्या भूमिपूजनाला मला बोलावणं होतं. माती आणलेली होती.

पुढे आमची मुदत संपली, प्रशासक आले, आता पुन्हा निवडणुका झाल्या. वॉर्ड खुला झाला होता, पण मी उभी राहिले नाही. नवरा राहिला, पडला, आणि आता लोक त्याला खरंच साहेब म्हणतात. काकूंच्या गिरणीत पाणी येत नाही. कितीही मोठा पाऊस झाला तरी मोटर कोरडी राहते. गल्लीची सगळी दळणं परत आलीत, उलट चौकातली गिरणी बंद पडल्यापासून काकूंना उसंत नसते. गावात कुणी माझं कौतुक करायचं म्हटलं तर तेच काम सांगतात, ताईंनी गिरणी वाचवली.

परवा मी स्वतः डबा घेऊन गेले. काकू यंत्राजवळ उभ्या होत्या, म्हणजे मान पुढे काढून, पाठीतून वाकून. सकाळपासून रात्री गिरणी बंद होईपर्यंत त्या अशाच असतात. बाहेर आल्या तरी आता त्या पुरत्या सरळ होत नाहीत. मी पाठीचं विचारलं. डॉक्टरांनी पट्टा दिलाय म्हणाल्या, पण पिठात तो चिकट होतो. मग त्यांनी मला विचारलं, “ताई, ह्यो रस्ता पुन्ना कवा व्हनार?”

मला वाटलं त्यांना पाण्याची धास्ती आहे. मी म्हटलं, “काँक्रीट आहे काकू. पुष्कळ वर्षं काही होत नाही. आणि झाला तरी तुमची जमीन वर आहे.”

“तसं न्हाई,” त्या म्हणाल्या. “झाला तर पुन्ना आत ओतून घिऊ. तवर माजी उंचीबी तेवडी कमी झालेली आसंल.”

त्या हसत होत्या. मला हसता आलं नाही. त्यांनी माझा डबा घेतला, वाकल्या, आणि आत गेल्या.